मसुद्यात अडकलेली कथा

एका वाचक भगिनीचे सविस्तर पत्र आले आहे. त्यातील आवश्यक तेवढा भाग येथे देत आहे.

“गेली अकरा वर्षे मी कथा लिहीत आहे. सतरा कथा पूर्ण झाल्या आहेत आणि पतीखेरीज त्या कोणीही वाचलेल्या नाहीत. चौदा महिन्यांपूर्वी एका मासिकाच्या संपादकांना ईमेल लिहिला, कथा जोडली आणि ऐनवेळी हात मागे घेतला. तो ईमेल अजून मसुद्यांतच आहे. दर तीन-चार दिवसांनी मी तो उघडते, वाचते आणि बंद करते. लोक काय म्हणतील, कथा अगदीच सामान्य निघाली तर, कोणी कल्पनाच उचलली तर, किंवा कोणी काहीच म्हटले नाही तर, असे विचार पाठ सोडत नाहीत. त्यातून माझी सर्वांत चांगली कथा आईच्या शेवटच्या आजारपणावर आहे. त्या कथेतला भाऊ शेवटच्या आठवड्यात रुग्णालयात येत नाही, आणि ते खरे घडलेले आहे. माझ्या थोरल्या भावाने ती वाचली तर काय होईल, या विचाराने झोप उडते. तुम्हाला कल्पना यावी म्हणून तो न पाठवलेला ईमेलही सोबत जोडत आहे. ही भीती जाण्यासाठी मी काय करू? ती गेल्याशिवाय माझ्या हातून काही होणार नाही.”

प्रिय भगिनी,

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा शेवटच्या वाक्यापाशी थांबले. भीती गेल्याशिवाय माझ्या हातून काही होणार नाही, असे तुम्ही लिहिता. अकरा वर्षे तुम्ही या वाक्याच्या आड राहिला आहात, म्हणून उत्तराची सुरुवातही मला तेथूनच करावी लागेल. आधी भीती जाते आणि मग लेखन बाहेर पडते, असा क्रम मी आजवर एकाही लेखकाच्या बाबतीत पाहिलेला नाही. एका मासिकाच्या संपादन विभागात मी बरीच वर्षे काम केले. टपालाने येणाऱ्या जाड पाकिटांचा काळ पाहिला आणि नंतर ईमेलचाही पाहिला. ज्यांची नावे वाचकांना तोंडपाठ होती असे लेखकसुद्धा कथा पाठवल्यानंतर दोन दिवसांनी फोन करीत आणि “मिळाली ना?” एवढेच विचारीत. त्या दोन शब्दांमागे कोणता प्रश्न दडला आहे, हे फोनच्या या टोकाला आम्हाला स्पष्ट ऐकू येई. चाळीस-चाळीस वर्षे लिहिणाऱ्यांची भीती गेलेली नव्हती. त्यांनी तिला सोबत घेऊन पाठवायची सवय लावून घेतली होती, आणि तुम्हाला आज हवी आहे ती हीच सवय.

ती भीती इतकी चिवट का झाली, याचे उत्तर तुमच्याच पत्रात आहे. तुम्ही ईमेल उघडता, छातीत धडधड सुरू होते, तुम्ही तो बंद करता आणि लगेच हायसे वाटते. ते हायसे वाटणे हेच या भीतीचे खाद्य आहे. बंद केल्यामुळे मोठे संकट टळले, असा धडा मन दर खेपेला नव्याने गिरवते आणि पुढच्या वेळी तुम्हाला आणखी लवकर मागे ओढते. दर तीन-चार दिवसांनी एकदा, असे चौदा महिने चालले असेल तर हा धडा तुम्ही शंभराहून अधिक वेळा गिरवला आहे. मग तो इतका पक्का झाला यात नवल नाही. टाळल्याने मिळणारी सुटका भीतीला बळ देते, ही मानसशास्त्रातील जुनी आणि चांगली पारखलेली गोष्ट आहे. जोसेफ वोल्पे या मानसोपचारतज्ज्ञाने १९५८ साली मांडलेल्या उपचारपद्धतीत भीतीच्या प्रसंगांची सौम्यापासून तीव्रापर्यंत पायऱ्यांची रचना केली जाई आणि रुग्णाला शांत अवस्थेत एकेका पायरीला सामोरे नेले जाई. पुढे या पद्धतीत पुष्कळ बदल झाले, पण पायऱ्यांची कल्पना टिकली, कारण तिने गुण येतो. तुम्ही मात्र पायऱ्या केल्याच नाहीत. पतीने वाचणे ही पहिली पायरी आणि हजारो वाचकांच्या मासिकात छापून येणे ही दुसरी, आणि मध्ये काहीच नाही. एवढी उंच उडी घ्यायला कोणाचेही पाय थबकतील.

एक शंका तुमच्या मनात येईल, ती आधीच दूर करते. थांबणे नेहमीच भित्रेपणाचे असते, असे मी म्हणत नाही. चार्ल्स डार्विन यांनी उत्क्रांतीचा आपला सिद्धांत १८४४ साली विस्ताराने लिहून काढला होता. त्याच वर्षीच्या जानेवारीत त्यांनी जोसेफ हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञ मित्राला पत्र लिहिले आणि जीवजाती अपरिवर्तनीय नाहीत हे सांगताना एखाद्या खुनाची कबुली दिल्यासारखे वाटते, असे कळवले. जुलैमध्ये त्यांनी पत्नीच्या नावे एक पत्र लिहून ठेवले: मला अचानक मृत्यू आला तर हे लेखन प्रकाशित करण्यासाठी चारशे पौंड बाजूला काढावेत. म्हणजे लेखन प्रकाशित व्हावे अशी तळमळ होती, पण स्वतःच्या हयातीत स्वतःच्या हाताने ते करण्याची तयारी नव्हती. पुस्तक आले ते १८५९ च्या नोव्हेंबरमध्ये, आणि तेही आदल्या वर्षी आल्फ्रेड रसेल वॉलेस या निसर्गअभ्यासकांनी स्वतंत्रपणे तोच विचार लिहून त्यांच्याकडे पाठवल्यानंतर. तरीही ही पंधरा वर्षे केवळ भीतीत गेली असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांपैकी आठ वर्षे डार्विन यांनी खडकांना आणि जहाजांच्या तळांना चिकटून राहणाऱ्या बार्नॅकल या एका सागरी प्राणिवर्गाचा अभ्यास केला, आणि त्या कामातून त्यांच्या सिद्धांताला भक्कम पुरावा मिळाला. तेव्हा स्वतःला विचारायचा प्रश्न असा, की माझ्या थांबण्याच्या काळात लेखनाचे काय झाले? तुम्ही जोडलेल्या ईमेलबरोबर ती कथाही आली आहे आणि तिच्या फाइलवर चौदा महिन्यांपूर्वीचीच तारीख आहे. या काळात तुम्ही तिच्यातला एक शब्दही बदललेला नाही. तुमच्या दृष्टीने कथा केव्हाच पूर्ण झाली आहे. ती आता फक्त बसून आहे.

आता तुम्ही सांगितलेल्या भीतींकडे वळते. त्या सगळ्या तुम्ही एकाच दोरीने बांधल्या आहेत, आणि मला वाटते तुमची अर्धी अडचण तेथेच आहे. त्यांच्यातील काही ऐकून सोडून द्यायच्या आहेत आणि एक मात्र नीट बसवून ऐकायची आहे.

कल्पना चोरीला जाण्याची भीती पहिल्या गटातली आहे, म्हणून ती लवकर आटोपते. १८८६ साली झालेल्या बर्न कराराला आज जगातील १८० हून अधिक देश बांधील आहेत, आणि त्यानुसार लेखनावरचा हक्क कोणत्याही नोंदणीशिवाय, ते लिहिले गेल्यापासूनच लेखकाचा असतो. हा हक्क तुमच्या शब्दांना आणि मांडणीला मिळतो, नुसत्या कल्पनेला मिळत नाही, हेही खरे आहे. पण त्यात घाबरण्यासारखे काही नाही. आजारी आई आणि दुरावलेला भाऊ एवढी कल्पना कोणीही उचलली, तरी तुमची कथा त्याच्या हाती लागत नाही.

लोक काय म्हणतील, ही भीती सर्वांत मोठा आवाज करते. २००० साली मानसशास्त्रज्ञ टॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. घालायला संकोच वाटेल असे एका गायकाचे चित्र असलेला टी-शर्ट त्यांनी काही विद्यार्थ्यांना घालायला दिला, त्यांना इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत थोडा वेळ पाठवले आणि मग विचारले, की किती जणांच्या लक्षात ते चित्र आले असेल. टी-शर्ट घातलेल्यांचा अंदाज साधारण निम्म्यांचा होता. प्रत्यक्षात जेमतेम चौथाई जणांच्याच ते लक्षात आले होते. आपल्यावर रोखलेल्या नजरा आपण बहुधा खऱ्यापेक्षा जास्त मोजतो. लेखनाच्या बाबतीत हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही, कारण वाचक तुमच्या पानाकडे खरोखरच पाहत असतो. मात्र तो तेथे एखादी गोष्ट मिळावी म्हणून आलेला असतो. तुम्हाला रात्री दोन वाजता छळणारे चौथ्या परिच्छेदातले ते बोजड विशेषण त्याच्या नजरेखालून निघूनही जाते.

माझाच एक अनुभव सांगते. माझी पहिली कथा छापून आली तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. अंक हाती आला, मी थेट कथेच्या शेवटच्या पानावर गेले आणि तेथे शेवटची चार वाक्ये नव्हती. पान भरले होते, म्हणून ती कोणीतरी न विचारता गाळली होती. कथेतली मुलगी वडील गेल्यानंतर त्यांचा टेबलावर राहिलेला चष्मा उचलते, त्याच्या काचा पदराने पुसते आणि तो स्वतःच्या पर्समध्ये ठेवते, असा माझा शेवट होता. त्या एका कृतीसाठी मी सगळी कथा लिहिली होती. छापलेल्या पानावर मुलगी चष्म्याकडे पाहते आणि कथा संपते. मी तो अंक कपाटात कपड्यांच्या खाली ठेवून दिला आणि घरातल्यांनाही कथा आल्याचे सांगितले नाही. तीन आठवड्यांनी मासिकाच्या पत्त्यावरून पुढे आलेले एका अनोळखी बाईंचे पत्र मला मिळाले. त्यांनी लिहिले होते, “तुम्ही तिला चष्म्याला हात लावू दिला नाहीत, हे फार बरे केलेत. मीही माझ्या वडिलांचा चष्मा दोन वर्षे हलवू शकले नव्हते.” मला आजही माझाच शेवट अधिक योग्य वाटतो आणि विचारल्याशिवाय तो गाळायला नको होता, हेही माझे मत कायम आहे. पण त्या दिवसापासून माझी भीती वेगळी झाली. ज्या अपघाताची मी कल्पनाही केली नव्हती तो घडला होता, आणि तरीही कथा कोणाच्या तरी घरात शिरून बसली होती. कथा बाहेर गेल्यावर तिचे काय होईल ते माझ्या हातात राहणार नाही, याची मला मनातून धास्ती होती. ते खरोखरच हातात राहिले नाही, आणि मी त्यातून सहीसलामत बाहेर पडले. हे मला कोणी नुसते सांगून पटले नसते. त्यासाठी तो अंक छापून यावा लागला.

कथा सामान्य निघाली तर, हा तुमचा पुढचा प्रश्न. या प्रश्नाच्या पोटात एक नाजूक गोष्ट आहे, ती मी कठोरपणाने लिहीत नाही आहे हे कृपया लक्षात घ्या. न पाठवलेली कथा कितीही उत्तम असू शकते. ती बंद फाइलमध्ये आहे तोवर तिच्यावर कोणाचाच शेरा पडत नाही, आणि तुम्ही लेखिका आहात की नाही हा प्रश्नही उघडा राहतो. पाठवली, की त्या सगळ्या शक्यतांमधून एकच काय ती खरी ठरणार. ही हानी खोटी नाही. पहिल्या प्रकाशनाबरोबर प्रत्येक लेखक ती सोसतो. मात्र एका संपादकाचा निर्णय म्हणजे तुमच्या योग्यतेचा निवाडा, असे जे समीकरण तुम्ही मांडले आहे ते चुकीचे आहे, आणि हे मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसून पाहिलेले असल्यामुळे खात्रीने सांगू शकते. आम्ही कथा ‘साभार परत’ करीत असू ती कितीतरी कारणांनी. कधी त्याच विषयावरची कथा आदल्याच आठवड्यात स्वीकारलेली असे. कधी कथा पाच हजार शब्दांची असे आणि अंकात जागा तीन हजारांची. कधी तिचा सूर आमच्या वाचकांना परका वाटेल असे वाटे, आणि त्यात आमचीच चूक झाल्याचे दुसऱ्या मासिकात ती कथा वाचल्यावर उमगे. कच्ची म्हणून परत केलेल्या कथाही अर्थातच पुष्कळ होत्या. पण त्या लेखकांबद्दल हसत किंवा तुच्छतेने बोलत बसायला कोणाला वेळ नव्हता. पुढचे पाकीट उघडायचे असे. ज्यांची कथा परत गेली आणि सहा महिन्यांनी दुसरी आली, त्यांचे हस्ताक्षर आम्ही ओळखू लागत असू, आणि त्या ओळखीत आदर असे.

कोणी काहीच म्हटले नाही तर, हे तुम्ही शेवटी आणि ओझरते लिहिले आहे, पण छापून आल्यावर बहुतेकांच्या वाट्याला येते ते हेच. इंग्लंडमधील तीन ब्राँटे बहिणींनी १८४६ साली स्वखर्चाने आपला कवितासंग्रह काढला तेव्हा पहिल्या वर्षात त्याच्या दोन प्रती खपल्या. दोनच. पुढच्याच वर्षी, १८४७ मध्ये, शार्लट ब्राँटे यांची ‘जेन एअर’ ही कादंबरी आली. त्या दोन प्रतींच्या वर्षात त्या पुढचे लिहीत होत्या, म्हणून ती येऊ शकली. शांततेवर मला ठाऊक असलेला उपाय एवढाच आहे, की पहिली कथा पाठवण्यापूर्वी पुढची सुरू झालेली असावी. मग उत्तराची वाट पाहणारे मन निदान दिवसातले दोन तास दुसऱ्या माणसांच्या गोष्टीत गुंतलेले राहते.

याच बहिणींनी तो संग्रह करर, एलिस आणि ॲक्टन बेल अशा नावांनी छापला होता, यावरून टोपणनावाचा विचार तुमच्याही मनात येईल. मराठीत तर ही वाट इतकी मळलेली आहे, की तिच्यात कमीपणा काहीच नाही. वि. वा. शिरवाडकर यांनी कविता कुसुमाग्रज या नावाने लिहिली आणि नाटके स्वतःच्या नावाने, चिं. त्र्यं. खानोलकर कवितेपुरते आरती प्रभू झाले. टोपणनावाने अनोळखी वाचकांपासून थोडे अंतर मिळते, आणि सुरुवातीच्या काळात तेवढ्या अंतरानेही मोकळे वाटत असेल तर ते अवश्य घ्या. फक्त एक गोष्ट त्याच्याकडून मागू नका. ज्यांच्या नजरेची तुम्हाला खरी भीती आहे, ते तुम्हाला कोणत्याही नावाखाली ओळखतील.

म्हणजे तुमचा भाऊ.

ही भीती मी इतर सगळ्यांपासून वेगळी काढून ठेवली आहे, कारण तिला मी भीती म्हणायलाही तयार नाही. ती तुमची सदसद्विवेकबुद्धी आहे. लोक हसतील या विचारात तुम्ही स्वतःला जपत होता. या विचारात तुम्ही दुसऱ्या एका माणसाला जपत आहात. दोन्ही विचारांनी छातीत सारखीच धडधड होते, म्हणून ते एकच वाटतात, आणि म्हणूनच भीतीवर मात करण्याचा सरसकट सल्ला मला अपुरा वाटतो. ही धडधड दडपू नका. ती काय विचारते आहे ते पाहा.

भाऊ शेवटच्या आठवड्यात आला नाही, हे खरे आहे, असे तुम्ही लिहिता. मी तुम्हाला विचारेन, की तो का आला नाही हे तुमच्या कथेला ठाऊक आहे का? त्याने विचारपूस केली असेल आणि त्याला वेळेवर कळवले गेले नसेल. तो बाहेरच्या रस्त्यापर्यंत येऊन परत गेला असेल. किंवा तो खरोखरच पाठ फिरवून राहिला असेल. कथेला यातले काहीच ठाऊक नसेल आणि त्याची रिकामी खुर्ची केवळ बहिणीचे दुःख गडद करण्यासाठी ठेवली असेल, तर ते भावावर जसे अन्यायाचे आहे तसेच कथेच्या दृष्टीनेही ते उणे आहे. तक्रार नोंदवण्यासाठी उभे केलेले पात्र नेहमी पातळ राहते, आणि वाचकाला ते कळते. याउलट त्याच्या न येण्यात तुम्ही स्वतः शिरून पाहिले असेल, त्याच्या बाजूने तो आठवडा एकदा तरी जगून पाहिला असेल, तर कथा कदाचित अधिक टोचेल, पण ती टोचणी सहन करण्याजोगी असेल. मी तुमच्या जागी असते तर कथा छापायला द्यायच्या आधी तो आठवडा भावाच्या तोंडून, प्रथमपुरुषात, एकदा लिहून पाहिला असता. ती पाने कोणाला दाखवण्यासाठी लिहायची नाहीत. ती लिहून झाल्यावर मूळ कथेत दोन-तीन वाक्ये आपोआप बदलतील, आणि बदलली नाहीत तर कथेतला भाऊ आधीपासूनच न्याय्य होता, असे समजा.

पात्राचे नाव, व्यवसाय किंवा गाव बदलून हा प्रश्न सुटत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. असे बदल इतरांपासून त्याची ओळख झाकतात आणि तेवढ्यासाठी ते करावेतच. पण त्याच्या स्वतःपासून काहीही झाकले जात नाही. तेव्हा ती कथा छापील स्वरूपात अचानक त्याच्यासमोर येऊ नये, एवढी एक गोष्ट तुम्ही सांभाळायला हवी. छापण्यापूर्वी ती त्याच्या हाती द्या. ती देताना तुम्ही परवानगी मागत आहात की केवळ कळवत आहात, हे आधी स्वतःशी ठरवा, कारण मनात एक आणि बोलण्यात दुसरे असे झाले तर दुखणे वाढेल. तो रागावेल, गप्प बसेल किंवा त्या आठवड्याबद्दल असे काही सांगेल, की तुम्हाला कथा नव्याने लिहावीशी वाटेल. त्याने स्पष्ट नकार दिला तर काय करायचे, हा निर्णय तुमचा आहे आणि तो मी तुमच्या वतीने घेणार नाही. माझा कल विचाराल तर मी एखादे वर्ष थांबेन आणि त्या वर्षात त्याच्याशी बोलत राहीन, कारण आई दोघांची होती.

मात्र या एका कथेने उरलेल्या सोळा कथांना ओलीस धरू नये. तुम्ही जोडलेली कथा मी वाचली आहे. ती एका निवृत्त होणाऱ्या लिफ्टचालकाची आहे, तिच्यात तुमच्या घरातले कोणी नाही, आणि शेवटच्या दिवशी तो प्रत्येक मजल्यावर लिफ्ट थांबवतो आणि कोणीही आत येत नाही, तो प्रसंग मला दुसऱ्या दिवशीही आठवत होता. पहिली पाठवायची ती हीच.

मधल्या पायऱ्यांचे म्हणाल, तर त्या तुम्ही याच महिन्यात चढू शकता. कथा एकदा मोठ्याने वाचा, दार लावून, आवाज न चोरता. जेथे जीभ अडखळते तेथे वाक्य बहुधा खोटे किंवा लांबलेले असते. तेवढेच दुरुस्त करा. नंतर पतीखेरीज एका माणसाला ती वाचायला द्या. जवळचा मित्रच हवा असे नाही, उलट वाचनाची आवड असलेला पण तुमच्या रोजच्या जगण्यात फारसा नसलेला माणूस अधिक उपयोगी पडेल. त्याला “कशी वाटली?” असे विचारू नका, कारण त्याचे उत्तर “छान” असे येते आणि ते कोणाच्याच कामाचे नसते. “कोठे लक्ष उडाले?” असे विचारा. त्या प्रश्नात तो तुमचा परीक्षक राहत नाही, सहकारी होतो, आणि तुम्हालाही कळते की दोष दाखवला गेला तरी माणूस जागच्या जागी राहतो.

त्यानंतर ज्या मासिकाला कथा पाठवायची त्याचे मागचे दोन-तीन अंक वाचा, कथेची शब्दमर्यादा पाहा, आणि कथा परत आली तर ती पुढे कोठे जाईल, त्या मासिकाचे नावही आजच लिहून ठेवा. परत आल्यावर ते शोधायचे बळ राहत नाही. नाव आधीच लिहिलेले असले तर हात आपोआप चालतो. एका वेळी एकाच ठिकाणी पाठवा, आणि पाठवल्यावर ती फाइल निदान महिनाभर उघडू नका, कारण पाठवलेल्या कथेत दुसऱ्याच दिवशी चुका दिसू लागतात. त्या सगळ्यांनाच दिसतात.

आता त्या ईमेलकडे येते. तुम्ही संपादकांना लिहिले आहे: “माझी कथा तितकीशी जमलेली नाही याची मला पूर्ण कल्पना आहे. आपला अमूल्य वेळ वाया जात असल्यास क्षमस्व. तरी कधी सवड झालीच तर नजर टाकावी.” ही तीन वाक्ये काढून टाका. पहिल्या वाक्यात तुम्ही संपादकाचा निर्णय त्याच्या आधीच, आणि कथेच्या विरोधात, देऊन टाकला आहे. दुसऱ्यात जी चूक घडलेलीच नाही तिची माफी मागितली आहे. आणि तिसऱ्यात त्याला न वाचण्याची मोकळीक दिली आहे. अशी विनवणी नम्रतेपोटी येते हे मी जाणते, पण संपादकाला कथा मिळण्यापूर्वी तिच्याविषयीची शंका मिळते. कथा वाचणे हे त्याचे कामच आहे आणि चांगल्या कथेची त्याला तुमच्याइतकीच गरज आहे. त्या तीन वाक्यांच्या जागी असे लिहावे:

“सोबत सुमारे २,८०० शब्दांची एक कथा जोडली आहे. ती अप्रकाशित असून सध्या अन्यत्र विचारार्थ पाठवलेली नाही. आपल्या मासिकासाठी तिचा विचार व्हावा आणि निर्णय कळवावा, ही विनंती.”

याखाली नाव लिहा, स्वतःचे किंवा निवडलेले टोपणनाव, पण पूर्ण लिहा. तुमच्या मसुद्यात त्या जागी नुसती दोन आद्याक्षरे आहेत.